भाव शेडबाहेर जाणार नाही

मोठी कंपनी आमच्या घरी आली तेव्हा तिने बूट दाराबाहेर काढले, आईला वाकून नमस्कार केला आणि अस्खलित मराठीत विचारलं, "काकू, हात कुठे धुऊ?"

मी त्या मुलाला कंपनीच म्हणते. तो मनाने चांगला होता की वाईट, हे मला आजही माहीत नाही, आणि कळून काही फरक पडणार नाही. रविवारची सकाळ होती, कोलार रोडवर समोरची इमारत दिसू नये इतकं धुकं होतं. आईने पोहे केले होते. जिलेबी आणायला बाबा स्वतः गेले होते; एरवी ते रविवारी पेपर संपेपर्यंत खुर्ची सोडत नाहीत. मुलगा पुण्याचा. दुसरा घास घेत तो म्हणाला, "काका, इतकी वर्षं बाहेर राहून तुमच्याकडचं मराठी किती छान राहिलंय हो," आणि बाबा तिथेच विरघळले.

आम्हा भोपाळच्या मराठी लोकांचं हे एक आहेच. दिवसभर हिंदीत जगायचं, हिंदीत भांडायचं, भाजी घ्यायची. मला स्वप्नंसुद्धा हिंदीत पडतात. आणि मग तिकडून कोणी येतो, दोन वाक्यं आपल्यासारखी बोलतो, की आम्ही घरातली सगळी कपाटं त्याच्यासमोर उघडी टाकतो. तो कोणाकडून आलाय, कशासाठी आलाय, हे विचारणं मग उद्धटपणाचं ठरतं.

मला पत्रक लिहायला ज्यांनी शिकवलं, त्यांचा एकच नियम होता: कोण कोणाचं काय घेतंय ते पहिल्या चार ओळींत सांग, रडगाणं नंतर. वस्त्यांच्या पाण्यासाठी मी लिहिलेलं प्रत्येक पत्रक तसंच आहे. इथे माझ्या पहिल्या चार ओळी पोह्यांत गेल्या. तर आता सांगते. तो मुलगा एका मोठ्या AI प्लॅटफॉर्मकडून माझ्या ताईची कंपनी घ्यायला आला होता. आणि कंपनी म्हणजे औषधाच्या दुकानावरची एक खोली, तीन टेबलं, ताई, तिचे दोन सहकारी, आणि ताईने काही लोकांना दिलेला एक शब्द. बाकी तिथे घेण्यासारखं काही नव्हतं.

शब्द काय होता ते समजायला शेड समजायला हवी. बरखेड्याला मोठा सरकारी कारखाना आहे. बाबा तिथे तपासनीस होते, आम्ही दोघी तिथल्या क्वार्टरमध्येच वाढलो. कारखान्याच्या पलीकडे पत्र्याच्या लहान लहान शेड आहेत. दोन-तीन लेथ, एखादं ड्रिल मशीन, कोपऱ्यात चहाची शेगडी. मोठ्या कंपन्यांना लागणारे सुटे भाग इथे बनतात. काम मिळवायचं तर आधी कोटेशन द्यावं लागतं: इतका माल लागेल, मशीन इतका वेळ चालेल, आमचा भाव हा. कोटेशन चुकलं तर एक तर काम जातं, नाही तर काम मिळूनही माणूस बुडतो.

प्रत्येक शेडचा एक आतला भाव असतो. त्याच्या खाली काम घेण्यापेक्षा मशीन बंद ठेवलेलं बरं. हा भाव तिथे कोणी तोंडाने बोलत नाही. बाप-लेकांना आपसात ठरवायचा असला तरी बाप लेथच्या तेलकट पत्र्यावर बोटाने आकडा लिहितो, लेक मान हलवतो, आणि बाप चिंधीने तो पुसून टाकतो. लहानपणी मी हे पाहिलंय आणि मला ती जादू वाटायची. मोठी झाल्यावर कळलं, लहान माणसाकडे मोठ्यापासून लपवायला एवढंच असतं.

ताईने AI शिकून या लोकांसाठी यंत्र बनवलं. ते ड्रॉइंग बघतं, मालक भोपाळी हिंदीत जे बडबडेल ते ऐकतं, त्याची जुनी कामं लक्षात ठेवतं आणि कोटेशन बनवून देतं. "दो सूत कम रख, पिछली बार जैसा" एवढं म्हटलं तरी त्याला कळतं. आता कोणी विचारेल, मोठ्या प्लॅटफॉर्मना हे येत नाही? येतं. ताईच सांगायची, "माझ्यापेक्षा बरं येतं. सहा महिन्यांत आणखी बरं येईल. हुशारीत मी त्यांच्याशी लढूच शकत नाही." मग लढायचं कशात? तिने उत्तर शोधलं होतं. तिचं सगळं यंत्र एका लोखंडी डब्यात होतं, आणि तो डबा शेडच्या फळीवर बसायचा. त्याला इंटरनेट नव्हतं. दुरुस्ती करायची तर ताई स्कूटीवरून जायची. ती प्रत्येक मालकाला एकच वाक्य सांगायची: "आपका भाव इस शेड से बाहर नहीं जाएगा. मेरे पास भी नहीं."

मोठा प्लॅटफॉर्म जगातलं काहीही देऊ शकतो, हे एक सोडून. त्याचा धंदाच ऐकलेलं जवळ ठेवण्यावर उभा आहे. ताईचा माल होता न ऐकणं.

या विषयावर शहरात एक कार्यक्रम झाला होता, मी ताईबरोबर गेले होते. लहान स्टार्टअपनी मोठ्यांसमोर कसं टिकावं. चपळ राहा, एक कोपरा पकडा, ग्राहकावर प्रेम करा. मंचावरच्या प्रत्येक पाण्याच्या बाटलीवर त्याच मोठ्या प्लॅटफॉर्मचं चिन्ह होतं, ज्याच्यासमोर टिकायचं होतं. मी ताईला म्हटलं, "कसायाने बोकडांना व्यायाम शिकवावा तसं चाललंय." ताई म्हणाली, "हळू बोल, जेवण त्यांच्याकडूनच आहे." ती जेवली. मी नाही जेवले, आणि त्याचा कोणालाच काही फरक पडला नाही.

पोह्यांच्या त्या सकाळी मुलाने जो प्रस्ताव ठेवला त्याचं नाव होतं भागीदारी. ताईला पद, पगार, तिच्या माणसांना नोकऱ्या. शेडवाल्यांना तेच काम फोनवर, फुकट. फक्त डबे जोडून घ्यायचे.

"जोडून म्हणजे?" ताईने विचारलं.

"म्हणजे बॅकअप हो, ताई. उद्या शेडला आग लागली, डबा जळाला तर त्या गरिबांनी काय करायचं?"

"डबा जळाला तर मी दुसरा देते."

"आणि तुम्हीच नसलात तर?"

तो हसतच बोलला. बाबाही हसले. आईने त्याच्या ताटलीत आणखी एक जिलेबी टाकली. ताई तेवढी हसली नाही. "विचार करून सांगते," म्हणाली.

"घ्या ना वेळ," तो म्हणाला.

तो गेल्यावर बाबा ताटल्या उचलत म्हणाले, "विचार काय करायचाय त्यात?"

बाबांना मी मूर्ख म्हणणार नाही. त्यांचं सगळं आयुष्य एका मोठ्या गोष्टीच्या पोटात गेलं. घर कारखान्याचं, दवाखाना कारखान्याचा, आमची शाळा कारखान्याची, दिवाळीचा फराळ वाटायचा तोही कारखान्याच्याच ओळीत. मोठं म्हणजे छप्पर, हे त्यांच्या हाडात बसलंय. औषधाच्या दुकानावरच्या खोलीत बसणारी लेक त्यांना गेली चार-पाच वर्षं उन्हात उभी असल्यासारखी दिसत होती. शिवाय मुलगा आपला, मराठी, बूट बाहेर काढणारा. गॅसगळतीनंतर या शहरात मोठ्या कंपनीच्या 'काळजी करू नका'वर विश्वास ठेवणारं कोणी उरलं असेल असं मला वाटत नव्हतं. आमच्याच घरात होतं.

मी तेव्हाच म्हटलं, "बाबा, तो फुकट देतोय. कोणी फुकट देतं तेव्हा विकलं काय जातंय ते बघा."

"तू तुझी पत्रकं लिही," बाबा म्हणाले. "प्रत्येक माणूस चोर नसतो."

आठवडाभराने फळीवरचे डबे परत यायला लागले.

पहिला डबा चाचांनी आणला. चाचा म्हणजे तिथले जुने लेथवाले. बाबा तपासणीला जायचे तेव्हा कधी कधी मला बरोबर न्यायचे, आणि चाचा मला लोखंडाच्या चमकदार कुरळ्या खेळायला द्यायचे. ते जिना चढून वर आले, डबा टेबलावर ठेवला आणि खुर्चीत न बसता उभेच राहिले.

"बिटिया, नाराज मत होना. साहब खुद आए थे."

"कौन साहब?"

"अरे, अपने साहब. तुम्हारे पापा. एक लड़के को लेके आए थे. बोले, ये घर का बच्चा है, इसका वाला ले लो, आगे जाके बिटिया का भी यही होना है."

ताईने माझ्याकडे बघितलं. मला काहीच माहीत नव्हतं.

"तो मैंने ले लिया. साहब ने जिस माल पे हाथ रख दिया वो पास. हमने ज़िंदगी में कभी पूछा क्या, कि क्यों पास?"

तेच खरं होतं, आणि त्यातच सगळं गेलं. बाबांनी नोकरीत कधी कोणाचा चहासुद्धा घेतला नाही. त्यामुळे त्या शेडमध्ये त्यांचा शब्द अजून चालत होता, निवृत्तीनंतरही. तो शब्द त्यांनी ताईसाठी कधी वापरला नव्हता, कारण स्वतःच्या मुलीची शिफारस करणं त्यांना गैर वाटायचं. परक्या मुलाची करणं गैर वाटलं नाही.

ताईने शांतपणे विचारलं, "चाचा, उसमें अंदर वाला भाव बोला आपने?"

चाचा ओशाळले. "बोलना पड़ता है ना. नहीं बोलो तो वो आगे ही नहीं बढ़ता. इतनी मीठी आवाज़ में पूछता है कि क्या बताऊँ. घर में किसी ने इतने प्यार से नहीं पूछा."

त्यांनी विनोद केला होता, म्हणून आम्ही हसलो. ते जिना उतरून गेले. ताई बराच वेळ डब्यावरची तेलाची बोटं पुसत बसली होती, आणि तिचा एक सहकारी खिडकीबाहेर बघत फोनवर हळू आवाजात बोलत होता. महिनाअखेरीस तो त्या प्लॅटफॉर्मकडे नोकरीला गेला. जाताना रडला. मला त्याचा राग येत नाही. त्याच्या घरी लहान बाळ आहे. मला राग येतो तो ज्यांना हे आधीच ठाऊक असतं त्यांचा.

घरी त्या दिवशी भांडण होईल असं मला वाटलं होतं. झालं नाही. ताईने फक्त विचारलं, "बाबा, तुम्ही शेडवर गेला होतात?"

"तुझ्याच भल्यासाठी," बाबा म्हणाले. "तू हो म्हणशील तेव्हा माणसं आधीच तिकडे असलेली बरी. त्याला मी तसं सांगितलंय."

"मी हो म्हणेन असं?"

"मग काय करणार आहेस गं तू? एकटी?"

ताई उठून आत गेली. एकाच घरात आम्ही पुढचे काही आठवडे पाय न वाजवता वावरलो. एरवी मला शांतता आवडते. ती आवडली नाही.

मग होळीच्या आधी चाचा पुन्हा आले. या वेळी घरी आले, आणि बसले. पाणी प्यायले नाहीत. सुटे भाग विकत घेणाऱ्या एका मोठ्या कंपनीच्या खरेदी विभागात ते भाव ठरवायला गेले होते. तिथे दर वेळी एक नाटक होतं: अधिकारी अर्ध्यावर येतो, चाचा छातीवर हात ठेवतात, चहा येतो, चाचा उठून दारापर्यंत जातात, अधिकारी परत बोलावतो. सगळं आयुष्य त्यांनी हे नाटक केलं होतं आणि त्यात त्यांना मजाही यायची.

"इस बार चाय नहीं आई," चाचा म्हणाले. "उसने कुछ मोल-भाव किया ही नहीं. सामने स्क्रीन थी, उसमें देखा, और एक आँकड़ा बोला. बस. साहब, वो मेरा आँकड़ा था."

"म्हणजे?" बाबांनी मराठीतच विचारलं.

"अंदर वाला. पूरा का पूरा. ना एक रुपया ऊपर, ना नीचे. मैं उठा, दरवाज़े तक गया. उसने बुलाया नहीं. उसको मालूम था मैं लौटूँगा." चाचा आपल्या हाताकडे बघत होते. "ये आँकड़ा मैंने अपने लड़के को भी मुँह से नहीं बोला है."

स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली आणि आई उठलीसुद्धा नाही.

चाचा गेल्यावर मी म्हटलं, "मी आज लिहिते. शेडशेडवर वाटते. पहिली ओळ: तुमच्या खिशात चोर आहे."

"पुरावा?" ताईने विचारलं.

"चाचा!"

"चाचांनी काय बघितलं? एका माणसाने एक आकडा सांगितला. योगायोग म्हणतील."

"तुला वाटतो योगायोग?"

"मला वाटतं ते सांगते," ताई म्हणाली. तिचा आवाज इतका सपाट मी कधी ऐकला नव्हता. "तोच प्लॅटफॉर्म खरेदीवाल्यांनाही यंत्र विकतो. समोरचा किती खाली येईल याचा अंदाज देणारं. कोणी इकडची फाईल उचलून तिकडे दिली असेल असं मला वाटत नाही. त्याची गरजच पडत नसेल. जो दोन्ही बाजूंचं ऐकतो त्याला चोरी करावी लागत नाही. तो नुसता जाणतो. मग तू कोणाला पकडणार?"

माझी सगळी पत्रकं कोणाला तरी पकडायला शिकलेली आहेत: पाणी तोडणारा अभियंता, टाकी गिळणारा ठेकेदार. त्याला चेहरा असतो, कार्यालय असतं, ज्याच्या दारात बसता येतं. इथे दार कुठे होतं?

"तो मुलगा तसा नाही गं," बाबा म्हणाले. अगदी हळू म्हणाले.

"बाबा, त्या मुलालासुद्धा माहीत नसेल," ताई म्हणाली. "तेच तर."

मग तिने फोन उचलला आणि आमच्यासमोरच त्या मुलाला संदेश लिहिला. भागीदारी नको, डबे जोडणार नाही, धन्यवाद. खोलीचं भाडं, उरलेला एक सहकारी, फळीवर राहिलेले मोजके डबे, हे सगळं तिला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. मी तिला शाबासकी द्यायला गेले तर म्हणाली, "गप बस जरा. तुझं पत्रक नाहीये हे."

दुसऱ्या दिवशी बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला, जसा ते नोकरीला जाताना घालत, आणि ताईला म्हणाले, "डबा घे. मी येतो."

मीही गेले. चाचांची शेड दुपारच्या उन्हात तापली होती. बाबांना बघून चाचांनी लेथ थांबवला आणि शेजारच्या शेडमधले दोघे-तिघेही आले, कारण साहेब आले की येण्याची तिथे रीतच आहे. बाबा मध्ये उभे राहिले. त्यांना हिंदी उत्तम येतं, पण त्या दिवशी शब्द अडत होते.

"मैंने गलत माल पास किया," ते म्हणाले. "वो फोन वाला मत चलाइए. मेरी गलती है. वापस ले रहा हूँ."

बाबांनी असं वाक्य त्या भागात कधी उच्चारलं नव्हतं. चाचांनी स्टूल पुढे सरकवलं, बाबा बसले नाहीत.

"साहब," चाचा म्हणाले, "पास हुआ माल वापस कैसे आएगा? वो तो लग चुका."

"मतलब?"

"मतलब, उसको तो मालूम पड़ गया ना. मैं फोन नाले में फेंक दूँ, तो वो भूल जाएगा क्या?" त्यांनी ताईकडे वळून विचारलं, "बिटिया, भूलता है वो?"

ताईने खोटं सांगितलं असतं तर त्या दिवशी डबे परत फळ्यांवर गेले असते. मी तिच्याकडे बघत होते; सांग, सांग, असं मनात म्हणतही होते.

"नहीं, चाचा," ती म्हणाली. "मुझे नहीं लगता कि भूलता है."

शेजारचे दोघे आपापल्या शेडकडे निघाले. एक जण जाता जाता म्हणाला, "फिर फुकट वाला ही ठीक है, दीदी. जो जाना था वो गया." त्याच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मला काहीतरी करता आलं असतं.

चाचा थांबले. म्हणाले, पुढच्या वर्षी नवी मशीन घेतली, नवं काम धरलं, तर त्याचा भाव नवा असेल, आणि ते तो भाव फक्त डब्यालाच सांगतील. तोपर्यंत डबा फळीवर राहू दे. ताई स्टुलावर चढून डबा जागेवर बसवायला लागली. पुढच्या वर्षापर्यंत ती खोली राहील की नाही, हे तिने चाचांना सांगितलं नाही, त्यांनीही विचारलं नाही.

तेवढ्यात बाबांचा फोन वाजला. त्यांनी नाव बघितलं आणि आमच्याकडे बघितलं. मग आवाज मोठा करून फोन हातात समोर धरला.

"काका, नमस्कार," तो मुलगा म्हणाला. तोच स्वच्छ, आर्जवी आवाज. "ताईंचा निरोप मिळाला. त्यांना सांगा, मुळीच वाईट वाटून घेऊ नका. आम्ही आहोतच. या वर्षी नाही तर पुढच्या वर्षी. आम्हाला काही घाई नाहीये हो."

बाबांनी फोन बंद केला नाही. कोणी बोलत असताना फोन कापणं त्यांना जमत नाही. पलीकडून तो आईच्या तब्येतीची चौकशी करत राहिला, आणि ताई पाठमोरी उभी राहून डब्याचा शेवटचा स्क्रू आवळत राहिली. तो पुरता बसला होता, तरी ती आवळतच होती.